रूट बीअरवाले हायर्स

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. मागच्या सेमिस्टरला लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर बीअर सापडली, अशी जी बातमी रात्रीच्या जेवणाआधीच बॉइज होस्टेलपर्यंत पोचली होती ना, ती आमच्याच रूमची. बातमी खरी होती. फक्त ती बीअर नव्हती!

झालं असं, की माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीवर आला होता. तिकडून येणारी माणसं साधारणपणे चॉकलेटं आणतात, बदाम आणतात, फार तर एखादा परफ्यूम. आमच्या दादाने आणले रूट बीअरचे सहा कॅन. ब्रँड तीन, प्रत्येकाचे दोन-दोन. ए अँड डब्ल्यू, बार्क्स आणि मग (म्हणजे आपला कॉफीचा मग, त्याच नावाचा ब्रँड आहे). इंजिनिअरिंगला आहेस तर नुसतं पिऊ नकोस, नीट कम्पेअर करून सांग, असा त्याचा हुकूम. माझ्या रूममेटने रूट बीअरचं भाषांतर मुळ्याची बीअर असं केलं आणि मेसमधली मुळ्याची भाजी आठवून निम्म्या मुली तिथेच गळाल्या.

उरलेल्यांनी रविवारी टेस्ट घ्यायची ठरवली. नेमका त्याच दिवशी रेक्टर मॅडमचा राउंड निघाला आणि त्यांनी माझंच कपाट उघडायला लावलं. कॅनवर ठळक अक्षरांत बीअर! पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. कॅनच्या मागची इन्ग्रेडियंट्सची यादी मी तीन वेळा मोठ्याने वाचून दाखवली. व्हायवालासुद्धा माझा आवाज इतका कधी थरथरला नव्हता. शेवटी मॅडमनी स्वतः एक कॅन फोडून वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांना तो वास थेट गुडघ्याला चोळायच्या बामासारखा वाटला. असली बीअर कोणी शौक म्हणून पिणार नाही अशी त्यांची खात्री पटली आणि आम्ही सुटलो. इतकंच नाही, तर टेस्टला त्या स्वतः बसल्या.

मेसमधले स्टीलचे पेले आणले. मार्करने खाली १, २, ३ असे नंबर टाकले, कोणता ब्रँड कशात ते फक्त रूममेटला माहीत. निकाल असा लागला. ए अँड डब्ल्यू सगळ्यात गोड आणि मऊ, व्हॅनिलाचा वास जास्त आणि वर जाड फेस. बार्क्स त्या मानाने कमी गोड, जिभेला चावणारं, आणि त्यात थोडं कॅफिनही असतं. मग या दोघांच्या मधलं, गोड पण साधं, पटकन संपणारं. मॅडमना बार्क्स आवडलं. बाकीच्यांनी ए अँड डब्ल्यूला मतं दिली. दोघींनी एका घोटानंतर पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

मला मात्र भलतंच झालं. पहिल्याच घोटाला मला आजीचं सिंधुदुर्गातलं घर आठवलं. मे महिन्यात दुपारी आजी उपळसरीच्या मुळांचं सरबत द्यायची, अगदी त्याच्या जवळपासची चव! अमेरिकेतल्या डब्यात आजीचं सरबत आलंच कसं? या प्रश्नाच्या मागे लागता लागता मी ज्या माणसापर्यंत पोचले, त्याची ही गोष्ट. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.)

चार्ल्स एल्मर हायर्स यांचा जन्म १९ ऑगस्ट १८५१ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. म्हणजे दादा जिथे नोकरी करतो त्याच राज्यात. शाळा फार झाली नाही. वयाच्या बाराव्या वर्षी ते एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागले. त्या काळी औषधाचं दुकान म्हणजे स्ट्रिप कापून देणारं काउंटर नव्हतं. मुळं कुटायची, साली उकळायच्या, अर्क काढायचे, पुड्या बांधायच्या. हायर्स यांचं कॉलेज म्हणाल तर हेच. सोळाव्या वर्षी ते फिलाडेल्फियाला आले. खिशात अर्धा डॉलर होता असं सांगतात. तिथे दुकानांत काम करत करत, विशीच्या आसपास त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं.

आता एक गंमत ऐका. एके दिवशी रस्त्याने जाताना त्यांना एका इमारतीच्या पायासाठी खणकाम चाललेलं दिसलं. मजूर चिकट माती बाहेर काढत होते आणि ती कुठे टाकायची हा कंत्राटदाराचा प्रश्न होता. हायर्स थांबले, माती बोटांत चोळून पाहिली आणि ओळखली. ती होती फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती! लोकरीच्या कपड्यांवरचे तेलकट डाग काढायला ती तेव्हा औषधाच्या दुकानात विकत मिळायची. हायर्सनी कंत्राटदाराला सांगून ती सगळी माती फुकटात आपल्या तळघरात टाकून घेतली. तिच्या गोल वड्या पाडल्या, त्यांच्यावर आपल्या नावाचा छाप मारला आणि घाऊक औषधवाल्यांना विकल्या. त्यातून त्यांना काही हजार डॉलर मिळाले. रस्त्यावरून शेकडो लोक गेले असतील, सगळ्यांना चिखल दिसला. ह्यांना माल दिसला. का? तर बाराव्या वर्षापासून हातात तेच होतं म्हणून. नशीब वगैरे नंतर.

१८७५ मध्ये त्यांचं लग्न झालं. हनिमूनला नवरा-बायको न्यू जर्सीतल्याच एका खेड्यात, पाहुणे ठेवणाऱ्या घरात उतरले होते. त्या घरच्या बाईंनी त्यांना रानातल्या मुळांचा आणि सालींचा एक चहा दिला. हायर्सना तो इतका आवडला, की त्यांनी बाईंकडून कृती समजून घेतली आणि फिलाडेल्फियाला परत आल्यावर दुकानाच्या मागे प्रयोग सुरू केले. केमिस्ट्रीच्या ओळखीच्या प्राध्यापकांची मदतही घेतली असं सांगतात. हायर्सच्या चरित्रातली ही सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. आता ती पुन्हा एकदा वाचा आणि सांगा, त्या बाईंचं नाव काय? नेहमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत ते येतच नाही. ती फक्त घरमालकीण. याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

त्या चहात मुख्य चव होती ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीची. अमेरिकेतले मूळ रहिवासी हे झाड युरोपियन लोक यायच्या कितीतरी आधीपासून औषधाला वापरत होते. सतराव्या शतकात ते जहाजं भरून इंग्लंडला जायचं. घरोघरी मुळांची पेयं बनवायची पद्धतही हायर्सच्या आधीची. त्यामुळे रूट बीअरचा शोध हायर्सनी लावला असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका. मग त्यांनी केलं काय?

त्यांनी माप बसवलं. घरमालकिणीचं थोडंसं, चिमूटभर, अंदाजाने असेल ते सगळं त्यांनी वजनात आणलं. मुळं आणि साली वाळवल्या, कुटल्या आणि एका ठरावीक पुडीत बांधल्या. पुडीची किंमत २५ सेंट. एका पुडीत ५ गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर पेय होणार. ते फिलाडेल्फियात केलं काय किंवा हजार मैलांवर केलं काय, चव सारखीच लागली पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर रिप्रोड्युसिबिलिटी! आम्ही जर्नलमध्ये हा शब्द दहा वेळा लिहितो आणि रीडिंग मात्र शेजारच्या बॅचचं उतरवतो. असो.

नावाची गोष्टही मजेदार आहे. हायर्स क्वेकर पंथाचे, दारूला न शिवणारे. त्यांच्या मनात नाव होतं रूट टी, मुळांचा चहा. पण एका मित्राने त्यांना सांगितलं, की पेनसिल्व्हेनियातले खाणकामगार दिवसभर कोळसा खणून आल्यावर चहा मागणार नाहीत, त्यांना बीअर म्हणून दिलं तरच ते तोंडाला लावतील. हा मित्र म्हणजे फिलाडेल्फियाची टेंपल युनिव्हर्सिटी काढणारे रसेल कॉनवेल, असं म्हणतात. हायर्सना पटलं. दारू सोडवणाऱ्या पेयाला त्यांनी दारूचंच नाव दिलं. हा निर्णय त्यांना पैसाही देऊन गेला आणि मनस्तापही.

१८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १०० वर्षं झाली. त्यानिमित्त फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं. मे ते नोव्हेंबर असे सहा महिने ते चाललं आणि जवळपास एक कोटी तिकिटांची नोंद झाली. मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारा, याच प्रदर्शनात १४०० हॉर्सपॉवरचं कॉर्लिस स्टीम इंजिन होतं आणि मशिनरी हॉलमधली यंत्रं त्याच्यावर फिरत होती. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ग्रॅहॅम बेल यांनी आपला टेलिफोन याच प्रदर्शनात दाखवला. आणि अशा त्या जत्रेत पंचवीस वर्षांचे हायर्स लोकांना आपली रूट बीअर पाजत होते. इंजिन भंगारात गेलं, टेलिफोनचा मोबाइल झाला, पण दादाच्या बॅगेत आलं ते मुळांचं पाणीच!

तरी धंदा लगेच वाढला असं नाही. हायर्सकडे जाहिरातीला पैसे नव्हते. फिलाडेल्फियातल्या पब्लिक लेजर या वर्तमानपत्राचे मालक जॉर्ज चाइल्ड्स यांनी त्यांना जाहिरात करायला लावली, आणि बिलाची घाई केली नाही. माल खपल्यावर पैसे द्यायचे असा तो सौदा. मग मात्र हायर्स थांबलेच नाहीत. वर्तमानपत्रं, मासिकं, गुटगुटीत मुलांची चित्रं असलेली रंगीत कार्डं, सगळीकडे हायर्स रूट बीअर. रक्त शुद्ध होतं, तब्येत सुधारते असे दावेही त्यात असायचे, आणि तेव्हा ते कोणी तपासत नव्हतं. १८८४ च्या सुमारास पुडीच्या जोडीला बाटलीतला पातळ अर्क आला. १८९० मध्ये रीतसर कंपनी झाली. १८९३ मध्ये तयार रूट बीअर बाटलीत भरून विकायला सुरुवात झाली.

आणि इथेच त्यांच्या कपाटाचीही झडती झाली. अमेरिकेत १८७४ मध्ये स्थापन झालेली एक मोठी संघटना होती, वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन. दारूपायी ज्यांचे संसार मोडले अशा असंख्य बायकांची बाजू घेऊन ती लढत होती. १८९५ मध्ये या संघटनेने हायर्सच्या रूट बीअरवर बहिष्कार पुकारला. कारण नावात बीअर, आणि घरी बनवताना यीस्ट.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या रेक्टर मॅडम आठवून हसू आलं. पण नंतर विचार केला तर बायकांचं म्हणणं अगदीच फोल नव्हतं. पुडीवरची कृती अशी असायची, की अर्कात पाणी, साखर आणि यीस्ट घालायचं, बाटल्यांना घट्ट बुच मारायचं आणि थोडे दिवस ठेवायचं. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याचे बुडबुडे होतात. पण बारावीचं समीकरण आठवा. कार्बन डायऑक्साइडच्या जितक्या मोल तितक्याच मोल इथेनॉलच्या. म्हणजे यीस्टने फसफसवलं की थोडंफार अल्कोहोल होणारच. प्रश्न किती, एवढाच.

तीन वर्षं हा बहिष्कार चालला. जे पेय दारूच्या विरोधात म्हणून काढलं, त्यालाच दारू ठरवलं गेलं. हायर्सना नाव बदलता आलं असतं, पण त्यांनी बदललं नाही. शेवटी १८९८ मध्ये एका प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि निष्कर्ष निघाला, की हायर्स रूट बीअरच्या एका बाटलीत जेवढं अल्कोहोल आहे तेवढं अर्ध्या ब्रेडमध्येही असतं. ब्रेडही यीस्टनेच फुगतो की! ती आकडेवारी पाहून संघटनेने बहिष्कार मागे घेतला. मला यात दोघांचंही कौतुक वाटतं. हायर्स भाषणं करत बसले नाहीत, मोजमाप पुढे ठेवलं. आणि त्या बायकांनी मोजमाप पाहून आपलं मत बदललं. आपल्याकडे ग्रुप डिस्कशनमध्ये सुद्धा कोणी मत बदलत नाही!

पुढचं आयुष्य भरभराटीचं गेलं. त्यांनी कंडेन्स्ड मिल्कचाही मोठा धंदा उभा केला आणि १९१८ मध्ये तो नेस्ले कंपनीला विकला. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, ती १९३३ पर्यंत टिकली. बीअर मिळेना तेव्हा नावापुरत्या बीअरला चांगले दिवस आले. ३१ जुलै १९३७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, चार्ल्स हायर्स गेले. तेव्हा त्यांच्या नावाची बाटली अमेरिकेत घरोघरी माहीत होती.

आता आमच्या स्टीलच्या पेल्यांकडे परत येऊ, कारण खरी गंमत हायर्स गेल्यानंतरची आहे. १९६० मध्ये अमेरिकन सरकारने ससाफ्रासच्या तेलावर बंदी घातली. त्यातल्या सॅफ्रोल नावाच्या रसायनाने उंदरांच्या लिव्हरला कॅन्सर होतो असं प्रयोगांत दिसलं होतं. एका फटक्यात रूट बीअरमधलं मुख्य रूटच गेलं! तेव्हापासून बहुतेक कंपन्या ती आठवणीतली चव दुसऱ्या गोष्टींनी उभी करतात. विंटरग्रीनचा वास, व्हॅनिला, ज्येष्ठमध, बडीशेप असं ज्याचं त्याचं मिश्रण. कोणी व्हॅनिला वाढवतं, कोणी झणका वाढवतं, त्यावरून ब्रँड ओळखू येतात. म्हणजे आम्ही रविवारी जे केलं ते तीन चवींचं कम्पॅरिझन नव्हतंच. दुकानातून गेलेल्या एका चवीच्या तीन नकलांचं होतं. आणि ज्यांच्यामुळे हे सुरू झालं त्या हायर्सची कंपनी हातोहाती विकली गेली. आज त्यांचा ब्रँड अमेरिकेतल्या दुकानांतही सहसा दिसत नाही. दादाला तो मिळालाच नाही.

मॅडमच्या बामाचंही उत्तर मिळालं. विंटरग्रीन म्हणजे आपल्याकडे ज्याला गंधपुरा म्हणतात त्याच कुळातली वनस्पती. तिच्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट हे एस्टर असतं आणि तेच दुखण्यावरच्या बामात घालतात. मॅडमचं नाक शंभर टक्के बरोबर होतं. अमेरिकन मुलांना तो वास लहानपणापासून आइस्क्रीमबरोबर मिळतो म्हणून तो त्यांना सुट्टीचा वाटतो. आपल्याला तो मुरगळलेल्या पायाबरोबर मिळतो म्हणून दवाखान्याचा. रेणू एकच! ए अँड डब्ल्यूच्या फेसाचं म्हणाल, तर रूट बीअरमध्ये युक्का किंवा क्विलाया या वनस्पतींचा अर्क घालतात. त्यात सॅपोनिन असतं, आपल्या रिठ्यात असतं तसंच.

आणि आजीचं सरबत? उपळसरीला अनंतमूळ असंही म्हणतात, आणि इंग्रजांनी तिला नाव दिलं इंडियन सार्सापरिला. अमेरिकेतली खरी सार्सापरिला, जी जुन्या रूट बीअरमध्ये पडायची, ती वेगळ्याच कुळातली. पण आपल्या उपळसरीच्या मुळात जो सुगंधी रेणू आहे तो व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनचा आयसोमर आहे. तेच अणू, तितकेच अणू, फक्त रिंगवरच्या जागा बदललेल्या. म्हणून ए अँड डब्ल्यूच्या पहिल्या घोटाला मला आजी आठवली. हे कळलं तेव्हा मला ऑरगॅनिक केमिस्ट्री आयुष्यात पहिल्यांदा आवडली.

आता त्या घरमालकिणीकडे येते. हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या डोक्यातून ती जाईना. हायर्सवर रागवावं का? नुसती पुडी बांधली म्हणून चव आपली होते का? खरं तर ए अँड डब्ल्यूचीही तीच कथा. रॉय ॲलन यांनी १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावात पाच सेंटला एक मग असा स्टॉल टाकला, तो रूट बीअरचा फॉर्म्युला त्यांनी एका फार्मासिस्टकडून विकत घेतला होता असं सांगतात. ए म्हणजे ॲलन, डब्ल्यू म्हणजे त्यांचा भागीदार राइट. त्या फार्मासिस्टचं अक्षर कुठेच नाही. आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्टवर पाच नावं असतात आणि सर्किट एकट्याने जोडलेलं असतं, तसंच काहीसं.

पण मी दुसऱ्या बाजूनेही विचार केला. हायर्सनी माप बसवलं नसतं, तर ती चव त्या घराबरोबरच संपली असती. बाईंना चव माहीत होती, हायर्सना ती दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची हे माहीत होतं. दोन्ही कामं मोठी. चूक एवढीच झाली, की पुडीवर एकच नाव छापलं गेलं.

त्याच रात्री मी आजीला फोन केला. तिला विचारलं, की उपळसरीच्या सरबताची कृती सांग, प्रमाणासकट. आजीला आधी वाटलं होस्टेलवर कोणी आजारी पडलंय. मग तिने सांगितलं. मूठभर मुळं धुवायची, ठेचायची, पाण्यात उकळून गाळायची, साखरेच्या पाकात घालायची, देताना लिंबू पिळायचं. मूठभर म्हणजे किती ग्रॅम असं विचारल्यावर ती हसायलाच लागली. तिच्या मते मूठ म्हणजे मूठ, त्यात काय विचारायचं! ती कृती तिला तिच्या सासूबाईंनी शिकवली, आणि मुळं कोणती खणायची हे आठवड्याच्या बाजारात येणाऱ्या एका म्हातारीने. त्या म्हातारीचं नाव विचारलं, तर आजी थोडा वेळ गप्प झाली. तिला नाव आठवेना. घरात सगळे तिला मुळंवाली म्हणायचे, एवढंच.

म्हणजे हायर्सचं सोडा, आमच्याच घरातली एक घरमालकीण हरवलेली होती.

वर्कशॉपच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर मी ती कृती लिहून ठेवली आहे. वर आजीचं आणि पणजीचं पूर्ण नाव, खाली मुळंवाली आजी, बाजार कोणत्या वारी भरायचा त्यासकट. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की आजीची मूठ वजनकाट्यावर धरायची आहे. एकदा नाही, पाच वेळा, आणि मग सरासरी काढायची. (जर्नल तपासणाऱ्या सरांना विनंती, त्या पानावर रिपीट असा लाल शेरा मारू नये.)

आणि मित्रांनो, सुट्टीनंतर लेडीज होस्टेलवर पुन्हा काही संशयास्पद बाटल्या सापडल्याचं कानावर आलं तर अफवा पसरवू नका. रेक्टर मॅडमना मी आधीच सांगून ठेवलंय. त्यांनी स्वतःचा पेला आताच बाजूला काढून ठेवला आहे.